लेकीच्या दारात लावलेलं घर

लोक काश्मीरला जातात, चारधामला जातात आणि परत आल्यावर गावाला महिनाभर सांगत बसतात. मी गोरेगावहून निघून डोंगरकडा गावाच्या पलीकडं गेलो आणि परत आलो. म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या एका टोकातून दुसऱ्या टोकात. सकाळच्या जीपनं निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथं पोचतो. आम्हाला आठवडा लागला, आणि तरी जेवणाला पोचलो नाही. प्रवासवर्णन खरं तर एवढ्यातच संपतं. पण मला थोडक्यात काही सांगता येत नाही, आणि जे झालं ते त्या खोडीनंच झालं.

गोरेगाव

मी शिलाई मशीनचा मिस्त्री. गोरेगावच्या बाजारात माझा पत्र्याचा गाळा. पुढच्या अंगाला मी मशिनी उघडून बसायचो, मागच्या अंगाला आमची बायको गया साड्यांना पिको-फॉल करायची. तिच्या मशीनचा आवाज मधेच थांबला की समजायचं, मी गिऱ्हाईकाला काहीतरी भलतंच सांगून राहिलोय आणि ती कान देऊन ऐकतेय.

थोरला पोरगा पुण्याला कारखान्यात लागला, लेकीचं, मंदाचं लग्न झालं आणि घरात आम्ही दोघंच उरलो. दोघांचा स्वयंपाक गयाला जमेना. तिचा हात चौघांच्या अंदाजानंच पिठात जायचा. उरलेल्या भाकरी गल्लीतलं कुत्रं खायचं, आणि त्या वर्षी ते इतकं गुटगुटीत झालं की अनोळखी माणूस आला तरी उठून भुंकेना. संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसायचो. बोलायला काही नसलं की मी एखादी जुनी गोष्ट काढायचो. गया म्हणायची, ‘ही झाली सांगून.’ मी दुसरी काढायचो. ‘ही बी झाली.’

तसा मी पूर्वीपासून पिशवीत पाने आणि पेचकस घालून एसटीनं खेडोपाडी हिंडायचो. शिंपी आपली मशीन डोक्यावर घेऊन बाजाराला येत नाही, मिस्त्रीलाच तिच्याकडं जावं लागतं. मला वाटलं, दुकानच बरोबर नेलं तर? आणि दुकान न्यायचं तर घर कशाला मागं ठेवायचं? नांदेडच्या एका बेकरीवाल्यानं आपली जुनी मॅटाडोर विकायला काढली होती, ती मी घेतली. केवढ्याला घेतली ते इथं लिहीत नाही. गयाला वाचता येतं.

गाडीच्या आत आडवी फळी टाकून झोपायची सोय केली. फळीखाली पिठामिठाचे डबे, एका कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, पाण्याचा पिंप, आणि गयाची पिको मशीन बोल्ट मारून तळाला आवळलेली. सगळी सुतारकी माझी. फळी माझ्या उंचीपेक्षा वीतभर तोकडी निघाली, कारण माप मी बसल्या बसल्या घेतलं होतं. टोस्टचा वास काही केल्या गाडीतून जाईना. जिथं थांबू तिथं आधी मुंग्या यायच्या, मग लेकरं यायची खारी मागत, आणि सगळ्यांत शेवटी शिंपी. गाडीला नावच पडलं, टोस्टगाडी.

नातेवाइकांना मात्र आमची फार कीव आली. आमच्याकडं उतारवयात माणसानं घर सोडून गाडीत राहायचं म्हणजे एकच अर्थ, पोरानं हाकलून दिलं. गयाच्या भावानं तर पुण्याला फोन लावून आमच्या थोरल्याला शिव्या दिल्या. थोरला बिचारा बूथवर उभा राहून मला विचारतो, ‘आबा, मी काय केलं?’ मी म्हटलं, ‘तू काई केलं न्हाई, आमीच पळून चाललो.’

खरं सांगायचं तर ते दोन-तीन हिवाळे आमच्या संसारातले सगळ्यांत मजेचे होते. औंढ्याच्या तळ्याकाठी सकाळी गया चहा ठेवायची आणि मी एखाद्या मशीनचं शटल पुसत बसायचो. दुपारी काम, संध्याकाळी दुसरं गाव. जाऊ तिथं नवी माणसं, त्यामुळं माझ्या गोष्टी पुन्हा नव्या झाल्या. गया मागं बसून ऐकायची. ‘ही झाली सांगून’ म्हणायची तिला सोय राहिली नव्हती.

मग एका वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही निघालो ते मंदाला आणायला.

आमच्याकडं सासरी गेलेली लेक सणाला आपण होऊन माहेरी येत नाही. माहेरचा कुणीतरी मुराळी होऊन जातो, तिच्या घरी जेवतो, मग तिला घेऊन येतो. मुराळी आला नाही तर लेक दारात उभी राहते आणि शेजारणींचे भाऊ येताना बघते. मंदाच्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती आणि तिची एकही दिवाळी माहेरी झाली नव्हती. पहिल्या वर्षी तिचे सासरे वारले. दुसऱ्या वर्षी सुगीनं अडवलं, सोयाबीन शेतात आणि माणूस मिळेना. तिसऱ्या वर्षी जावई आजारी होते. या खेपेला विहीणबाईंनी स्वतः जीपवाल्याकडून निरोप धाडला की मुराळी पाठवा, पोरीला चार दिवस न्या.

थोरल्याला सुट्टी नव्हती. पुतण्याला जीपनं धाडलं असतं तर एका दिवसात काम झालं असतं. पण दारात गाडी असताना पुतण्याला कशाला? शिवाय दिवाळीच्या तोंडावर सगळे शिंपी अडलेले असतात. वाटेत कामं होतील, लेकीला आपली गाडी दिसेल. ती गाडी मंदानं पाहिलीच नव्हती. मी उलटा निरोप दिला, ‘बुधवारी दुपारी जेवायलाच येतो.’ हे ‘जेवायलाच’ माझं. कुणी मागितलं नव्हतं.

हिंगोली

सेनगाव ओलांडलं आणि मागचं दार आपोआप उघडलं. कडी मीच बसवली होती, त्यामुळं कुणाला बोल लावायची सोय नव्हती. आम्हाला हिंगोलीत शिरेपर्यंत पत्ता नाही. मागून एक मोटरसायकलवाला शिट्ट्या मारत आला, त्याच्या खांद्यावर हिरवी साडी. पिकोसाठी आलेल्या लोकांच्या साड्या एकेक करून रस्त्यात सांडत आल्या होत्या. आम्ही गाडी उलटी फिरवली आणि साड्या वेचत मागं गेलो. एक बाभळीला, एक ओढ्याच्या पुलावर, आणि एक शेतातल्या बाईनं घडी घालून डोक्यावर ठेवली होती. ती म्हणाली, आकाशातून पडलेलं परत करायची रीत न्हाई. शेवटी गयानं तिला एक फॉल फुकट लावून दिला तेव्हा साडी सुटली.

हिंगोलीत हमीद मास्टरकडं काम होतं. जिल्हा होऊन तेव्हा चार-सहा वर्षं झालेली. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, आणि साहेबांच्या बायकांचे ब्लाउज. मास्टरच्या दोन मशिनी चालत होत्या, तिसरी रुसलेली. मास्टर म्हणाला, ‘मिस्त्री, दिवाली में ये बैठ गई तो समझो मैं भी बैठ गया.’ शटलमध्ये सुताचा एवढासा बोळा अडकला होता. काम घटकाभराचं, पण मी साड्यांची गोष्ट सांगायला लागलो आणि मास्टरनं ती ऐकायला आणखी दोन शिंपी बोलावले. त्यांच्याही मशिनी निघाल्या. बघता बघता मुक्काम वाढला. मास्टरच्या घरून रोज खिचडी आणि आंबटगोड खट्टा यायचा. आमच्या गोरेगावात खिचडीबरोबर कढी, इकडं खट्टा. गयानं तो कसा करायचा हे मास्टरच्या बायकोकडून विचारून घेतलं. मंदा घरी आली की करू म्हणाली.

त्या दिवसांत गया हरेक गोष्टीला हेच म्हणत होती. चकलीची भाजणी मंदा आली की. करंज्या मंदा आली की.

कळमनुरी

कळमनुरीला बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पोचलो आणि मोकळी जागा पाहून गाडी लावली. सकाळी जाग आली ती कुणीतरी माझ्या अंगठ्याला हात लावल्यानं. फळी तोकडी असल्यामुळं मी मागचं दार उघडं टाकून झोपायचो आणि पाय बाहेर असायचे, वरून पांढरी चादर. गाडीभोवती भाजीवाल्यांनी दुकानं मांडलेली. दोन बाया माझ्या पायाशी उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या.

‘कुठलं व्हय वं हे?’

‘दवाखान्यातून आणलं असंल. बाई बसलीय पुढं, रडत बी न्हाई.’

गया पुढच्या सीटवर बसून लसूण सोलत होती. एक म्हातारा टोपी काढून हात जोडून गेला. आता अशा वेळी पाय कसे आत घ्यायचे, हा मोठा प्रश्न असतो. मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो. मग मुंगी चावली.

हा बुधवार होता. बुधवारी दुपारी आम्हाला मंदाच्या घरी पोचायचं होतं, आणि कळमनुरीहून तिचं गाव काही फार लांब नाही. गयानं आंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसून घेतलं होतं. निघणार एवढ्यात बाजारातल्या एका शिंप्यानं गाठलं. मशीन टाके सोडतेय, दोन मिनटं बघा. दोन मिनटांत झालंही असतं. पण भोवती माणसं जमली, त्यांना सकाळचा मुडद्याचा प्रकार कळला होता आणि त्यांना तो मुडद्याच्या तोंडून ऐकायचा होता.

गया दोनदा येऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा म्हणाली, ‘अवो, पोरगी वाट बघत असंल.’

‘आत्ता निघू,’ मी म्हटलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा निघालो.

डोंगरकड्याच्या अलीकडं

आमच्या गोरेगावाकडची जमीन हलकी, माळरानाची. डोंगरकड्याकडं येता येता ती काळी होत जाते. सोयाबीन निघून गेलं होतं, रानात त्याचं कुटार, भुसकट पसरलेलं. कापूस फुटून पांढरा झालेला, तूर कमरेएवढी, आणि जिथं विहिरीला पाणी तिथं हळदीचे हिरवेगार पट्टे. मधेच केळीची बाग लागायची आणि गार वारा गाडीत यायचा. गया म्हणाली, ‘आपल्या मंदीचं बरं हाय. हिरव्या मुलखात पडली.’

पुढं रस्त्यात मेंढरं. सगळा रस्ता भरून, संथपणे चाललेली. हॉर्न वाजवला तर मेंढ्या थांबून माझ्याकडं बघायला लागल्या. शेवटी गाडी कडेला घेतली. बाजूच्या रिकाम्या रानात मेंढपाळाचं बिऱ्हाड उतरलं होतं. शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला सांगतो, खत होतं, बदल्यात जोंधळे देतो. दोन घोडी, त्यांच्या पाठीवरून उतरवलेला सगळा संसार, आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापणारी बाई. तिनं आमच्या गाडीत डोकावून स्टोव्ह पाहिला, डबे पाहिले, फळी पाहिली.

‘तुमी बी बिऱ्हाड घेऊनच फिरून राहिले की,’ ती म्हणाली, ‘बसा, भाकर खा.’

आम्ही सकाळपासून उपाशी होतो. बसलो. गरम भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि शेळीच्या दुधाचा चहा. कोण, कुठले, यांच्यात कसं खावं, काही मनात आलं नाही. मी दोन भाकरी मोडल्या. गयानं अर्धीच खाल्ली. बाईनं विचारलं, कुठं निघालात. गया म्हणाली, लेकीला दिवाळीला आणायला. बाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

‘मंग हितं काय करून राहिले? ती उंबऱ्यात उभी असंल.’

गया उठून गाडीत जाऊन बसली.

लेकीचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाला मी एकदा ऐकवलं तेवढं पुरे.

दिवेलागणीला पोचलो. मंदा खरंच उंबऱ्यात उभी होती. नवी साडी, केसांत गजरा, तो सुकलेला. आतल्या खुंटीला भरलेली पिशवी टांगलेली दिसत होती. मी गाडी थेट दारासमोर लावली. दुसरीकडं लावली असती तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. आता वाटत नाही. मी ती कुठंही लावली असती तरी बोलायला तोंड माझंच होतं.

मंदा पुढं आली, आईच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, दुपारी येणार होता ना आबा. मी कळमनुरीची गोष्ट सुरू केली. तोवर गाडीभोवती गल्ली जमली. ही कसली गाडी, पाव्हणं? यात झोपता? स्वयंपाक बी यातच? दिवसभर माझं पोट गोष्टींनी भरलेलं, आणि समोर गर्दी. मी मागची दोन्ही दारं सताड उघडली.

‘आधी आत चला,’ गया म्हणाली.

‘एवढं दाखवतो न् येतो.’

फळी दाखवली. डबे दाखवले. पिको मशीन चालवून दाखवली. कुणीतरी म्हणालं, स्टोव्ह खरा हाय का नुसता शोभेला? मग मी स्टोव्ह पेटवला. नुसता पेटवून काय बघायचं, म्हणून त्यावर पिठलं टाकलं. लसणीची फोडणी बसली, वास गल्लीभर गेला. लोक हसत होते, लेकरं उड्या मारत होती, आणि जावईबापू दाराशी उभे राहून कुठं बघावं हे न कळून धोतर सुटलेल्या माणसासारखे पायाकडं बघत होते. त्यांच्या अंगात पँट होती.

तेवढ्यात विहीणबाई बाहेर आल्या. हातात पाण्याची बादली, तांब्या, खांद्यावर धुतलेला पंचा. त्या भागात पाहुण्याला पाय धुवायला घरधनीण पाणी देते आणि त्याशिवाय पाहुणा उंबरा ओलांडत नाही. गर्दीनं त्यांना वाट दिली.

‘गयाबाई, चला,’ त्या म्हणाल्या, ‘पाय धुवा. पानं मांडली हायेत.’

उत्तर मी दिलं.

‘आमचं जेवण हितंच शिजून राहिलंय, ईनबाई. सुगीच्या दिसांत तुमाला काहून तकलीफ?’ एवढ्यावर लोक हसले. एका हशावर मी कधी थांबलेलो नाही. ‘आन् तसं बी, लेकीला लेकरू झाल्याबिगर तिच्या घरचं अन्न खायची आमच्यात रीत न्हाई.’

ही रीत माझ्या आजोबांबरोबर गेली होती. माझ्या बापानं आत्याच्या घरी जेवताना कधी लेकरं मोजली नाहीत. मी ते बोललो ते नुसतं वाक्याला वाक्य जोडायला. हसू येईल म्हणून थांबलो. कुणी हसलं नाही. मला वाटलं, स्टोव्हच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून मी तेच आणखी मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

शेजारच्या ओट्यावरच्या दोन बायांनी मंदाकडं पाहिलं आणि मग एकमेकींकडं. मंदा आत गेली. विहीणबाईंनी बादली ओट्यावर ठेवली, तांब्या तिच्या बाजूला ठेवला, पंचाची घडी नीट केली.

‘बराबर हाय, इवाई,’ त्या म्हणाल्या, ‘रीत ती रीत.’

आणि त्याही आत गेल्या. गर्दी आपोआप पातळ झाली. पिठलं करपलं.

गया माझ्याशी बोलली ती सगळं आवरून झाल्यावर, गाडीच्या आत, दार लावून. लग्नाला तीन वर्षं उलटली, पोरीला दिवस राहिले नाहीत, गावात कुजबुज आहे, दोनदा दवाखान्यात नेऊन आणलीय. मागच्या संक्रांतीला मंदानं तिला हे सांगितलं होतं. मला का सांगितलं नाही, म्हटलं. गया म्हणाली, ‘तुमाला सांगितलेलं घरात राहतं काय?’ मी त्या रात्री पाय पोटाशी घेऊन, दार लावूनच झोपलो.

सकाळी मी मनाशी ठरवून घरात गेलो. पाय धुतले, स्वतःच पाणी ओतून. बैठकीत बसलो आणि म्हटलं, ‘ईनबाई, भूक लागली. रातची पोळी आणा.’

त्या शांतपणे म्हणाल्या, ‘रातचं शिळं पाव्हण्याला कसं वाढू? गाईबैलांना घातलं.’

त्यांनी चहा दिला, कपाखाली बशी, बशीत दोन बिस्किटं. गयाची ओटी भरली. खण, नारळ, हळदीकुंकू, कशात काही कमी नाही. त्या एक शब्द वाकडा बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मी माफी मागितली असती, गोष्ट हातात आली असती. त्यांनी बोलायला मला जागाच ठेवली नाही. मंदाला घेऊन निघतो म्हटलं तर म्हणाल्या, न्या की, तिची पिशवी भरलेलीच हाय.

मी बाहेर जाऊन गाडी पुसली. गाडीत पुढं तिघांना बसता येईल म्हणून मधला डबा मागं टाकला. मंदा बाहेर आली ती हात मोकळे घेऊन.

‘आबा, मी येत न्हाई.’

‘काहून?’

‘काल बाप असं बोलला आन् सकाळी लेकीला गाडीत घालून घेऊन गेला, तं गाव काय म्हनंल? लेकरू होईना म्हनून माहेरी घातली म्हनतील. सासूबाईनी न्हाई घातली, तरी तसंच म्हनतील.’

‘मी सगळ्यांना सांगतो ना. चावडीवर जाऊन सांगतो, गंमत केली म्हनून.’

‘नका सांगू, आबा.’ तिनं माझ्या बाहीला धरलं. ‘आता कुनालाच काही नका सांगू.’

मग सासूच्या दाराकडं बघून म्हणाली, ‘पुरन मी वाटलं होतं. घरात आल्यापासून पहिल्यांदा आत्याबाईनी मला एकटीला करू दिलं. माझी मानसं येनार म्हनून.’

तिनं आईला मिठी मारली, मला वाकून नमस्कार केला, आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच आत गेली. कालपासून अंगणात भिजत ठेवलेलं माझं पिठल्याचं भांडं तिनं घासून चकचकीत करून गाडीत ठेवलेलं होतं.

परत

येताना मी वाटेत थांबलो नाही. कळमनुरीच्या शिंप्यानं हात केला, मी हॉर्न दिला आणि पुढं गेलो. गया पुढच्या सीटवर नव्हती. ती मागं पिको मशीनपाशी बसली होती, आणि मशीन बंद होती.

हिंगोली मागं पडल्यावर तिनं एवढंच म्हटलं. ‘ईनबाईनी मला बोलावलं होतं. तुमाला न्हाई.’

त्या दिवाळीला आम्ही करंज्या केल्या नाहीत. थोरला दोन दिवस येऊन गेला. बहिणीचं त्यानं विचारलं तेव्हा गयानं सांगितलं, सुगी आहे. गल्लीतल्या लोकांनी विचारलं, प्रवास कसा झाला, साड्या सांडल्या म्हणे. मी ती गोष्ट सांगितली. लोक फार हसले.

गाडी पुढं दोन वर्षं चालवली. काम होतं, चालवावीच लागली. पण जिथं थांबायचो तिथं कुणी भाकरीला बोलावलं की गया माझ्याकडं न बघता आधी उठायची.

मंदाला नंतर मुलगी झाली, मग मुलगा. बारशाला आम्ही गेलो, जेवलो, विहीणबाईंनी आग्रह करकरून वाढलं. त्या गोष्टीचा त्यांनी कधी उच्चार केला नाही, आणि मीही केला नाही. आज पहिल्यांदा लिहून राहिलोय.

दर दिवाळीच्या आधी मी मुराळी होऊन जातो. सकाळच्या पहिल्या जीपनं जातो, वाटेत कुणाशी फार बोलत नाही, दुपारच्या आत पोचतो. पहिल्या हाकेला पाय धुतो आणि पानावर बसतो. मंदा वाढते. मी विचारतो, येतेस का गं. ती म्हणते, हितली दिवाळी टाकून कशी येऊ, आबा, लेकरांना हितंच आवडतं. बरोबरच आहे तिचं. ती पुन्हा वाढायला येते, मी नको म्हणत नाही.